आयती चौकट की स्वतःची बांधणी?



शंभर वर्षे चाललेल्या ग्रंथालयात ग्रंथसंपत्तीची दोन रूपे असतात. एक रूप कपाटांत उभे असते आणि दुसरे कागदावर. दाखलनोंदवही, तालिकेची कार्डे, देवघेवीच्या वह्या, वर्गणीदारांची खाती हे ते दुसरे रूप होय. कपाटातला ग्रंथ वाळवीने खाल्ला तर एक ग्रंथ जातो. परंतु नोंद नाहीशी झाली तर ग्रंथ जागेवर असूनही वाचकापुरता नाहीसा होतो. महाराष्ट्राबाहेरच्या जुन्या मराठी ग्रंथालयांना ही गोष्ट विशेष लागू पडते. त्यांच्या कपाटांत नियतकालिकांच्या बांधीव फायली असतात, स्थानिक मुद्रणालयांत छापलेल्या लहान पुस्तिका असतात. त्यांची दुसरी प्रत शोधायची झाल्यास कोठे जावे, हे सांगणे पुष्कळदा कठीण असते. अशा ग्रंथालयाने नोंदी संगणकावर नेण्याचे ठरविले की, शंभर वर्षांची स्मृती कोणाच्या हाती आणि कोणत्या रूपात सोपवावयाची, हा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहतो.

कार्यकारी मंडळाच्या बैठकीत हा प्रश्न बहुधा दोन तोंडांनी बोलतो. एक सभासद म्हणतो, "तयार प्रणाली मिळत असताना नवे खटाटोप कशाला?" दुसरा म्हणतो, "दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी किती दिवस पिणार? आपल्यातलाच एखादा जाणकार आपल्या गरजेपुरती प्रणाली लिहून देईल." दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. संगणकाच्या व्यवसायात हाच वाद अनेक दशके चालू आहे. तेथे त्याचे स्वरूप असे असते की, इतरांनी तयार केलेली चौकट, म्हणजे ज्याला 'फ्रेमवर्क' म्हणतात ते, स्वीकारावे की सारे स्वतः लिहावे. ग्रंथालयाशी या वादाचा संबंध वरवरचा नाही. तो नीट समजून घेतला तर पुढची काही वर्षे आणि बराचसा मनस्ताप वाचू शकतो.

आधी शब्दांचा उलगडा केला पाहिजे. गंमत अशी की, संगणकाच्या परिभाषेतही 'लायब्ररी' हा शब्द आहे. नेहमी लागणाऱ्या कृती कोणीतरी एकदा नीट लिहून ठेवतो; तारखांमधले अंतर काढणे, नावांची क्रमवारी लावणे अशा त्या कृती असतात. दुसरा कार्यक्रम लिहिणारा गरज पडेल तेव्हा त्यांतली हवी ती कृती, वाचकाने पुस्तक न्यावे तशी, बोलावून घेतो. येथे सूत्रे कार्यक्रम लिहिणाऱ्याच्या हाती राहतात. फ्रेमवर्कचे तसे नसते. त्याची तुलना नारदीय कीर्तनाशी करता येईल. नमन, पूर्वरंग, उत्तररंग हा क्रम आधीच ठरलेला असतो. बुवांची विद्वत्ता, त्यांचे आख्यान, त्यांचा विनोद हे सारे त्यांचे स्वतःचे. पण केव्हा काय बोलावयाचे हे परंपरेच्या चौकटीने ठरविलेले असते. फ्रेमवर्कमध्येही मुख्य प्रवाह चौकटीचा असतो आणि ती सांगेल त्या जागी लिहिणाऱ्याने आपला भाग भरावयाचा असतो. त्यामुळे श्रम पुष्कळ वाचतात. मात्र चौकटीच्या कर्त्याने जगाकडे ज्या दृष्टीने पाहिले ती दृष्टीही तिच्याबरोबर घरात येते.

ग्रंथालयांना हा अनुभव संगणक येण्यापूर्वीच आलेला आहे. मेल्व्हिल ड्युई यांनी १८७६ साली आपली दशांश वर्गीकरण पद्धती प्रसिद्ध केली आणि ती जगभर गेली. एका अर्थी ग्रंथालयांची ती पहिली मोठी आयती चौकट. तिच्या उपयुक्ततेविषयी शंका नाही. पण तिची मांडणी पाहावी. धर्मासाठी राखलेल्या दोनशेच्या शतकात २२० ते २८० एवढा विस्तार ख्रिस्ती धर्माला मिळाला आणि उरलेल्या बहुतेक धर्मांची सोय २९० मध्ये झाली. हिंदू धर्म तेथे २९४.५ या अंकावर आहे. इंग्रजी साहित्याला ८२० हा स्वतंत्र विभाग आहे. मराठी साहित्य मात्र ८९१.४६ या अपूर्णांकाच्या शेपटीत बसते. ज्या ग्रंथालयातली बहुसंख्य पुस्तके मराठी आहेत तेथे जवळजवळ प्रत्येक पुस्तकाच्या पाठीवर हा लांबलचक अंक चिकटवावा लागतो. चौकट चुकीची आहे असे म्हणता येत नाही, पण ती दुसऱ्या घराच्या मापाची आहे.

त्यावर दोन प्रकारचे उपाय भारतात झाले. महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९१० मध्ये विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना बडोद्यास आणले. बोर्डन यांनी बडोद्यासाठी वर्गीकरण आखताना ड्युई आणि कटर या दोघांच्या पद्धतींतून घेण्याजोगे घेतले आणि त्यांची जोड घातली. दुसरा उपाय डॉ. शि. रा. रंगनाथन यांचा. मूळचे गणिताचे प्राध्यापक असलेले रंगनाथन १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासासाठी लंडनला असताना त्यांनी एका दुकानात मेकॅनोचा खेळ पाहिला. थोड्याच पट्ट्या आणि नट-बोल्ट यांच्या जोडणीतून अनेक आकार तयार होतात, हे पाहून त्यांना नव्या वर्गीकरणाची कल्पना सुचली. १९३३ मध्ये त्यांची द्विबिंदू वर्गीकरण पद्धती प्रसिद्ध झाली. विचाराच्या दृष्टीने ती ड्युईंच्या पुढे गेलेली आहे, असे मानणारे अभ्यासक आजही आहेत.

पण पुढे काय झाले? ड्युई यांच्या पद्धतीमागे आवृत्त्या काढणारी संस्था कायम उभी राहिली. १९८८ पासून ती ओसीएलसी या अमेरिकन संस्थेकडे आहे आणि २०११ मध्ये तिची तेविसावी आवृत्ती निघाली. रंगनाथन यांचे १९७२ मध्ये निधन झाले आणि त्यांच्या पद्धतीची सातवी आवृत्ती बाहेर पडण्यास १९८७ साल उजाडावे लागले. नवनवे विषय जन्माला येत असताना वर्गीकरणाची देखभाल करणारे हात पुरेसे राहिले नाहीत, तर उत्तम पद्धतीचाही वापर आक्रसतो. स्वतःची चौकट उभारणे हे बुद्धीचे काम आहे. ती पुढे पन्नास वर्षे नांदती ठेवणे हे संस्थेचे काम आहे. 'घर पाहावे बांधून' असे आपल्याकडे म्हणतात. बांधून झाल्यावर दर पावसाळ्यापूर्वी कौले शाकारावी लागतात, ते या म्हणीत अध्याहृत आहे.

आता संगणकाच्या क्षेत्रातले, पण ग्रंथालयातच घडलेले उदाहरण घेऊ. न्यूझीलंडमध्ये होरोव्हेनुआ नावाचा एक लहान जिल्हा आहे. १९९९ साली तेथील सार्वजनिक ग्रंथालयांच्या न्यासापुढे अडचण उभी राहिली. त्यांची जुनी संगणक प्रणाली २००० साल उजाडल्यावर चालेल याची खात्री नव्हती. बाजारातल्या तयार प्रणाली त्यांना सोयीच्या वाटल्या नाहीत. तेव्हा कटिपो कम्युनिकेशन्स या स्थानिक व्यावसायिक संस्थेकडून त्यांनी नवी प्रणाली लिहून घेतली आणि जानेवारी २००० मध्ये ती कामाला लागली. तिचे नाव 'कोहा'. माओरी भाषेत या शब्दाचा अर्थ भेट, पण परतफेडीची जाणीव गृहीत धरलेली भेट. नावाप्रमाणे ती प्रणाली जगाला मुक्त परवान्याखाली देण्यात आली. आज भारतातील अनेक विद्यापीठांची आणि सार्वजनिक ग्रंथालयांची कामे तिच्यावर चालतात.

ही कथा स्वतःच्या बांधणीच्या बाजूने सांगितली जाते आणि ते योग्यही आहे. परंतु तिचे दोन पोटभाग बारकाईने पाहिले पाहिजेत. पहिला असा की, 'स्वतःची' म्हटलेल्या या प्रणालीतही पुष्कळ काही आयते होते. तिच्याखालची लिनक्स ही कार्यप्रणाली, नोंदी साठविणारी मायएसक्यूएल ही व्यवस्था आणि ती ज्या भाषेत लिहिली ती पर्ल, या तिन्ही गोष्टी इतरांनी तयार केलेल्या होत्या. न्यासाने विटा भाजल्या नाहीत. घराची आखणी तेवढी आपल्या गरजेप्रमाणे करून घेतली. दुसरा पोटभाग असा की, आरंभीच्या कोहात मार्क या आंतरराष्ट्रीय नोंदपद्धतीची सोय नव्हती. होरोव्हेनुआला तिची निकड भासली नव्हती. पुढे अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या नेल्सनव्हिल येथील सार्वजनिक ग्रंथालयाला कोहा हवी होती, पण मार्कवाचून त्यांचे अडत होते. त्यांनी खर्च सोसून ती सोय करवून घेतली आणि ती सर्वांना मिळाली. एका ग्रंथालयाच्या गरजेपुरते बांधलेले घर दुसऱ्याने खोली वाढविल्यामुळे सर्वांच्या उपयोगाचे झाले.

वृत्तपत्राच्या कचेरीतही असेच एक उदाहरण घडले. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात लॉरेन्स या गावच्या दैनिकाच्या संकेतस्थळाचे काम करणाऱ्या एड्रियन होलोवाटी आणि सायमन विलिसन या दोघांनी २००३ मध्ये स्वतःच्या सोयीसाठी काही रचना उभारली. बातमीदारीच्या घाईत आज सांगितलेली गोष्ट उद्या हवी असे. म्हणून पुन्हा पुन्हा लागणारे भाग त्यांनी वेगळे काढत नेले. जँगो राइनहार्ट या गिटारवादकाचे नाव घेऊन ती 'जँगो' नावाची चौकट जुलै २००५ मध्ये सर्वांसाठी खुली करण्यात आली. ती आजही चालू आहे आणि तिच्या दुरुस्तीसाठी स्वतंत्र प्रतिष्ठान आहे. चांगल्या चौकटी कशा जन्माला येतात हे यावरून कळते. आधी प्रत्यक्ष काम झालेले असते, त्यातून जे सर्वसाधारण उरते ते चौकट बनते. याउलट, हाती काम नसताना 'जगाला उपयोगी पडेल अशी' चौकट आधी बांधावयास घेणारे बहुधा चौकटीपाशीच अडकतात.

एवढ्यावरून आयती चौकट नेहमीच सुरक्षित, असा निष्कर्ष काढता येत नाही. २२ मार्च २०१६ रोजी घडलेली घटना याबाबत बोलकी आहे. जावास्क्रिप्ट भाषेत लिहिणाऱ्यांसाठी एनपीएम नावाचे एक सार्वजनिक भांडार आहे. नावाच्या हक्कावरून झालेल्या वादात एका लेखकाने रागावून आपले सारे भाग त्या भांडारातून काढून घेतले. त्यांत 'लेफ्ट-पॅड' नावाचा अवघ्या अकरा ओळींचा एक भाग होता. अक्षरांच्या डाव्या बाजूला रिकाम्या जागा किंवा शून्ये भरणे एवढेच त्याचे काम. दाखल क्रमांक सहा अंकी दिसावा म्हणून ४२ या अंकामागे चार शून्ये लावावी, इतके ते साधे होते. परंतु अनेक मोठ्या चौकटींनी तो भाग परस्पर उसना घेतला होता. तो नाहीसा होताच जगभर हजारो ठिकाणची कामे अडली आणि भांडाराच्या चालकांना तो काही तासांत परत बसवावा लागला. ज्या गोष्टी घरी दहा मिनिटांत होतात त्या शेजाऱ्याकडून आणण्याची सवय लागली, की शेजाऱ्याच्या दाराला कुलूप पाहून स्वयंपाक अडतो.

दुसरी घटना डिसेंबर २०२१ मधली आणि अधिक गंभीर. जावा भाषेतल्या असंख्य प्रणालींत घडामोडींची टिपणे ठेवण्याचे काम 'लॉग४जे' नावाचा मोफत भाग करीत असे. त्यात एक छिद्र सापडले. त्यातून परका माणूस दूर बसून दुसऱ्याच्या संगणकावर हुकूम चालवू शकत होता. हे छिद्र २०१३ पासून तेथे होते. भाग चालविणारे हात थोड्या स्वयंसेवकांचे होते आणि त्यावर विसंबणाऱ्यांत मोठमोठ्या कंपन्या होत्या. दुरुस्ती लवकर आली. पण 'हा भाग आपल्या घरात कोठे कोठे आहे' हेच अनेक संस्थांना ठाऊक नव्हते. ज्याची दाखलनोंदवही नाही त्या ग्रंथालयाची साठामोजणी करण्याचा प्रसंग यावा, तशी त्यांची अवस्था झाली.

चौकटीचा मालक मोठा असला म्हणजे काळजी मिटते असेही नाही. गूगलने २०१० मध्ये 'अँग्युलरजेएस' ही चौकट लोकांपुढे ठेवली आणि ती लोकप्रिय झाली. २०१६ मध्ये तिची पुढची आवृत्ती आली ती मुळापासून नव्याने लिहिलेली. जुन्या चौकटीवर उभारलेले काम नव्या चौकटीत जसेच्या तसे बसत नव्हते. जुन्या चौकटीचा सांभाळ २०२१ च्या अखेरीनंतर थांबला. ज्यांनी तिच्यावर घरे बांधली त्यांना ती पुन्हा बांधावी लागली, किंवा डागडुजी नसलेल्या घरात राहावे लागले. मालकाला आपली योजना बदलण्याचा अधिकार होताच. भाडेकरूने करारनामा वाचला होता की नाही, एवढाच मुद्दा आहे.

मग सारे घरीच करावे काय? मराठीच्या संगणकीय इतिहासातच याचे उत्तर आहे. युनिकोड ही सर्व लिप्यांसाठीची समाईक संकेतव्यवस्था रुळण्यापूर्वी देवनागरीचे अनेक टंक आपापल्या खाजगी संकेतांवर चालत. प्रत्येक जण आपापल्या परीने हुशार होता. कोणाचा 'क' एका घरात, कोणाचा दुसऱ्या. पडद्यावर आणि छपाईत अक्षर देखणे उमटे, म्हणून कोणाला चिंता वाटली नाही. परंतु तो विशिष्ट टंक नसलेल्या संगणकावर तोच मजकूर उघडला की मराठीच्या जागी निरर्थक रोमन अक्षरांची रांग दिसे. एका टंकात टाइप केलेली ग्रंथसूची दुसऱ्या प्रणालीत नेताना रूपांतर करावे लागे आणि रूपांतरात जोडाक्षरे विस्कटत. 'आपला तो बाब्या' या न्यायाने जपलेल्या स्वतंत्र बांधण्यांची किंमत पुढच्या पिढीने भरली.

समाईक चौकट आली तरी ती पहिल्या दिवशी मराठीला पूर्ण बेतलेली नव्हती, हेही सांगितले पाहिजे. 'ॲ' या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळण्यास २००८ साल उजाडले. मोडी लिपीचा समावेश २०१४ मध्ये झाला. त्यामुळे 'ॲ' साठी 'अ' आणि चंद्र जोडून, नाहीतर थेट 'ॲ' असे निरनिराळे लिहिले गेले आणि एकच शब्द शोधताना दोनदा शोधावा लागू लागला. तरीही उपाय समाईक चौकटीबाहेर पडण्याचा नव्हता. तिच्यात आपली जागा मागून घेणे हाच उपाय होता, आणि तोच उपकारक ठरला. आचार्यांना दिलेले निमंत्रण आचाऱ्यांकडे जाऊ नये, यासाठी 'र्य' आणि 'ऱ्य' यांतला भेद जगातल्या कोणत्याही संगणकावर आज टिकवता येतो, हे त्या समाईक व्यवस्थेचे फळ आहे.

येथवरच्या विवेचनातून निवडीची कसोटी हाती येते. जी अडचण जगातल्या सर्व ग्रंथालयांची आहे, तिच्यावरचे उत्तर आयते घ्यावे. पुस्तक देणे आणि परत घेणे, मुदत मोजणे, दंड आकारणे, सभासदाचा संकेतशब्द सुरक्षित ठेवणे ही कामे हजारो ठिकाणी घासूनपुसून झालेली असतात. त्यांतही सुरक्षिततेचा भाग घरी लिहू नये, यावर जाणकारांचे जवळजवळ एकमत आहे. कारण तेथली चूक करणाऱ्याला दिसत नाही, चोराला दिसते.

याउलट, जी गोष्ट त्या ग्रंथालयाची आणि त्याच्या भाषेची आहे, ती चौकटीच्या भरवशावर सोडू नये. मराठी वर्णक्रमाचे उदाहरण पुरेसे आहे. मराठीत 'ळ' हे अक्षर 'ह' नंतर येते आणि अनेक सूचींत 'क्ष' व 'ज्ञ' अखेरीस घेतात. युनिकोडच्या संकेतांकांत मात्र 'ळ' हा 'ल' च्या शेजारी आहे. 'क्ष' हा 'क' मध्ये आणि 'ज्ञ' हा 'ज' मध्ये जमा होतो. भाषावार क्रमाचे नियम उपलब्ध आहेत, पण प्रणालीला ते वापरावयास कोणीतरी सांगावे लागते. सांगितले नाही तर 'ज्ञ' ने सुरू होणारी पुस्तके वाचक यादीच्या शेवटी शोधील आणि ती तेथे नसतील. दुसरे उदाहरण टोपणनावांचे. केशवसुत म्हणजे कृष्णाजी केशव दामले, कुसुमाग्रज म्हणजे वि. वा. शिरवाडकर, ग्रेस म्हणजे माणिक गोडघाटे. वाचकाने यांतले कोणतेही नाव उच्चारले तरी पुस्तक सापडले पाहिजे. न्यूझीलंडमधल्या प्रणालीला हे कळण्याचे कारण नाही. जुन्या ग्रंथपालाला ते तोंडपाठ असते. त्या ग्रंथपालाचे ज्ञान नोंदींत उतरविणे ही खरी स्वतःची बांधणी होय. ती कोणतीही कंपनी करून देणार नाही.

मात्र ही घरची भर चौकटीच्या अंगात कोरू नये. वाचनालयातून आणलेल्या पुस्तकावर समासात लिहू नये, टिपणे आपल्या वहीत ठेवावीत, हा नियम प्रत्येक सभासदाला ठाऊक आहे. आयत्या प्रणालीच्या बाबतीतही तो पाळावा. तिच्या मूळ लिखाणात फेरफार केले तर पुढची दुरुस्त आवृत्ती बसविताना ते फेरफार पुसले जातात, किंवा ते राखण्यासाठी जुनीच आवृत्ती छिद्रांसकट वापरत राहावे लागते. भर वेगळी ठेवली तर चौकट बदलली तरी ती बरोबर नेता येते.

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा बाहेर पडण्याच्या वाटेचा. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हेन्रिएट ॲव्हरम यांच्या नेतृत्वाखाली १९६० च्या दशकात मार्क ही नोंदपद्धती आकाराला आली. ग्रंथनाम, ग्रंथकार, प्रकाशक, विषय यांना ठरावीक क्रमांकांचे खण देण्याची ती रीत. तेव्हाची यंत्रे आज संग्रहालयांत आहेत, नोंदी मात्र चालू आहेत. युनेस्कोने १९८५ पासून विकसनशील देशांना विनामूल्य दिलेली सीडीएस/आयसिस ही प्रणालीही आता मागे पडली. पण ज्यांनी तिच्यातल्या नोंदी प्रमाण देवाणघेवाणीच्या स्वरूपात काढून ठेवल्या, त्यांना त्या पुढच्या प्रणालीत नेता आल्या. प्रणाली येतात आणि जातात. नोंदी प्रमाण रूपात असतील तर त्या एका घरातून दुसऱ्या घरात बिऱ्हाड हलवावे तशा हलतात.

याचे महत्त्व एका साध्या हिशेबाने कळेल. समजा, ग्रंथालयात ४०,००० ग्रंथ आहेत आणि एक नोंद पुस्तक हातात घेऊन नीट करण्यास १० मिनिटे लागतात. एकूण ४,००,००० मिनिटे, म्हणजे सुमारे ६,६६७ तास झाले. रोज सहा तास काम धरले तर १,१११ दिवस होतात. वर्षाला ३०० दिवस मोजले तरी एका माणसाची पावणेचार वर्षे त्यात जातात. प्रणाली फुकट मिळो वा विकत, ग्रंथालयाची खरी गुंतवणूक ही पावणेचार वर्षे आहेत. म्हणून प्रणाली पसंत करताना तिच्या रूपापेक्षा या श्रमांचे पुढे काय होईल, हे आधी विचारावे.

हे विचारण्यासाठी संगणकतज्ज्ञ असण्याची आवश्यकता नाही. साधे प्रश्न पुरतात. ही प्रणाली कोण सांभाळतो. एकच माणूस की अनेक? तिची शेवटची दुरुस्ती केव्हा झाली? परवाना काय म्हणतो, आणि उद्या दर वाढले तर पर्याय कोणता? साऱ्या नोंदी प्रमाण स्वरूपात, युनिकोडमध्ये, कोणाची परवानगी न घेता बाहेर काढता येतात काय? ग्रंथालयात तिचे काम समजणारी निदान दोन माणसे असतील काय? घरच्या जाणकाराने लिहिलेल्या प्रणालीलाही हेच प्रश्न विचारले पाहिजेत, किंबहुना अधिक कसोशीने. उत्साही तरुण आज प्रणाली लिहून देतो आणि दोन वर्षांनी नोकरीनिमित्त दूर देशी जातो. मागे राहिलेल्या प्रणालीचे लिखाण कोणाला वाचता येत नसेल, तर ती कुलपात ठेवलेली वही होय.

शेवटी, निर्णय कागदावर घेण्यापेक्षा दोनशे पुस्तकांवर घ्यावा. ती दोनशे पुस्तके सोपी नसावीत. टोपणनावाची, जोडलेखकांची, भाषांतरांची, एकाच कव्हरात बांधलेल्या तीन पुस्तिकांची, दिवाळी अंकांची, मुखपृष्ठ फाटलेली, जमल्यास एखादे मोडी बाड, अशी निवडावीत. ती पसंतीच्या प्रणालीत भरावी, जुन्या वाचकांना शोधावयास सांगावी आणि मग सर्व नोंदी बाहेर काढून दुसऱ्या एखाद्या प्रणालीत घालून पाहाव्यात. महिन्याभराच्या या परीक्षेत जे कळते ते विक्रेत्याच्या माहितीपत्रकात नसते आणि उत्साही सभासदाच्या भाषणातही नसते. भारतात कोहाखेरीज राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची ई-ग्रंथालय आणि इन्फ्लिबनेटची सोल या प्रणालीही आहेत. त्यांनाही हीच दोनशे पुस्तके दाखवावीत.

ज्यांनी शंभर वर्षांपूर्वी मराठी मुलखाबाहेर मराठी ग्रंथालये स्थापन केली, त्यांनी घटना इतर संस्थांच्या पाहून लिहिल्या, वर्गीकरण पाश्चात्त्यांचे घेतले, कपाटे गावातल्या सुतारांकडून करून घेतली आणि जागा मिळेल तेथे भाड्याने घेतली. आयत्या गोष्टी घेण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. परंतु कोणती पुस्तके जमवावयाची, कोणासाठी, आणि ती कोणाच्या हाती पोचली पाहिजेत, हे त्यांनी दुसऱ्या कोणाला ठरवू दिले नाही. दाखलनोंदवहीतला पहिला आकडा त्यांनी स्वतःच्या हाताने घातला. नवी नोंदवही संगणकावर उघडताना चौकट कोणाचीही असो, तो पहिला आकडा आणि त्यापुढचे सारे आकडे ग्रंथालयाच्याच हाती राहतील, एवढी काळजी त्यांच्या वारसांनी घ्यावयाची आहे.